पाच अँपिअरचं घर, दोनशे वॅटचा आवाज

"फ्रीज बंद होणार नाही म्हणजे नाही!"

"पाऊण तास, विदाद. फक्त पाऊण तास."

"आणि आतलं मांस? या उकाड्यात?"

"मांस मेलेलंच असतं, उम्म लमीस. ते आणखी काय मरणार आहे?"

उम्म लमीस म्हणजे माझी आई, कारण लमीस मी. आणि मामा आईला विदाद या नावानं हाक मारायचं सोडून 'लमीसची आई' म्हणायला लागला की समजायचं, आता तो हटणार नाही.

"गाडी विकलीस, मी बोलले नाही," आई म्हणाली. "चालती गाडी विकून हा लोखंडाचा खोका घरात आणलास, तरी बोलले नाही."

"तू बोलली नाहीस? चार दिवस सगळी गल्ली दुसरं काही ऐकत नाहीये!"

"पण माझ्या फ्रीजला हात लावलास तर तुझा तो खोका जिन्यावरून खाली जाईल. अठ्ठावीस किलो आहे ना? जाईल धाडधाड."

अठ्ठावीस किलोच होता. नझीहमामानं आणि जनरेटरवाल्या अबू हैसमनं तो दोघांत धरून तीन मजले चढवला होता. काळा, रुंद, पाठीवर लोखंडी पंखे असलेला, दोनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. आमच्या घराला जनरेटरची जोडणी पाच अँपिअरची. आमच्या सैदा शहरात सरकारी वीज लांबच्या नातेवाइकासारखी येते, तासभर टेकते आणि चहा घ्यायच्या आत उठते. बाकी दिवस जनरेटरवर. पाच अँपिअरमध्ये कसं जगायचं हे इथं लहान पोरालाही पाठ असतं. इस्त्री असेल तर पाण्याचा पंप नाही, पंप असेल तर धुण्याचं मशीन नाही. हा खोका तर चालू होतानाच असा झटका मारायचा की खाली दारातल्या पेटीतलं आमचं बटण खट्‌कन पडायचं. मग कुणीतरी तीन मजले उतरून ते वर करायचं. कुणीतरी म्हणजे मी.

तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा अबू हैसम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कलिंगडाच्या बिया थुंकत होता. मान वर करून तो ओरडला, "उस्ताद नझीह! वर भट्टी लावलीत की काय? पाव कधी मिळणार?"

गच्चीतून मामाचं उत्तर आलं, "गाणं आहे, अबू हैसम, गाणं!"

"मग दहा अँपिअर घ्या! पाचमध्ये गाणं बसत नाही, फार तर शिट्टी बसते!"

दहा घ्यायचे नव्हते. शेवटी आईनं फ्रीज बंद केला. मामाशी ती शेवटपर्यंत भांडायची आणि शेवटी त्याचंच ऐकायची. कारण तिलाही ते हवं होतंच. पंखा बंद, पंप बंद, गच्चीतला दिवा बंद. मामानं बोटानं खोक्याचं बटण दाबलं. आम्ही तिघं श्वास धरून उभे. एक लहानसा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मामानं छातीवर हात ठेवला, जणू हृदयाची तार जुळली.

नझीहमामाला आमच्याकडे सगळे 'गवयाचा नझीह' म्हणतात. तो स्वतः एक ओळ सुरात म्हणू शकत नाही. जुन्या बाजारात साबणवाल्यांच्या मागे त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सत्तावन्न वर्षांचा, लग्न न केलेला, बोटांत कायम तेलाचा वास. मशीन आलं की तो आधी ते उघडत नाही, ऐकतो. लांब पेचकसाचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, चाक फिरवायचं, डोळे मिटायचे. "शटल केसभर मागे पडतंय." मग उघडायचं, आणि ते केसभर मागेच असायचं. बायका म्हणतात, याला लोखंडाची पोटदुखीही कळते.

गवई म्हणजे माझे आजोबा, अदीब. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले. संत्र्यांच्या बागांच्या वखारीत ते कारकून होते. वरचा ओठ कायम ताणलेला, बोलणं मोजकं. पण तरुणपणी, म्हणे, त्यांचा आवाज असा होता की बागेतले कामकरी टोपल्या खाली ठेवायचे. पुढं घसा गेला. मुलांनी कितीही हट्ट केला तरी घशाला दोन बोटं लावून ते म्हणायचे, "संपलं ते." उरलं ते फक्त एक रीळ. देशातल्या अंतर्गत लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात घरच्याच बैठकीत भरलेली टेप, पाऊण तासाची. ऊद हे तंतुवाद्य आणि आवाज.

त्या टेपवर मामा मोठा झाला. प्रत्येक ईदला, प्रत्येक पाहुण्यासमोर ती लागायची. तो सांगायचा ती गोष्टही ठरलेली. लढाईच्या पहिल्या वर्षी, तो दहा वर्षांचा असताना, बंदूकवाले घरात शिरले. टेप वाजत होती. म्होरक्यानं विचारलं, हे कोण गातंय? बाबा पुढं झाले आणि म्हणाले, मी. ती माणसं खाली बसली, टेप संपेपर्यंत ऐकत राहिली आणि कशालाही हात न लावता निघून गेली. "बंदुका होत्या त्यांच्याकडे," मामा सांगायचा, "आणि माझ्या बाबांकडे गळा होता." इथं तो थांबायचा. पाहुणेही डोळे पुसायचे.

मागच्या महिन्यात शहरातल्या जुन्या गाण्यांच्या मंडळाला कुणीतरी या टेपबद्दल सांगितलं. त्यांचे चिटणीस उस्ताद वजदी घरी आले, दहा मिनिटं ऐकलं आणि उठून मामाला मिठी मारली. "हा आवाज सोनं आहे, नझीह. आम्ही याची तबकडी काढतो. वर तुमच्या वडिलांचा फोटो. पण हे तुमचं यंत्र... अहो, सोन्यावर माश्या घोंगावतायत!" ते खरं होतं. जुना अ‍ॅम्प्लिफायर मामाइतकाच म्हातारा. आवाज वाढवला की सगळं फाटायचं, कमी ठेवला की घूंऽऽऽ खाली गाणं बुडायचं. येत्या शनिवारी मंडळाची तीन माणसं नीट ऐकायला येणार होती. फोटो छपाईला गेलाही होता. म्हणून गाडी विकली.

तर त्या रविवारी दुपारी मामानं रीळ चढवलं. आजी स्वयंपाकघरात वांग्यांत भात भरत होती. टेप लागली की ती कधीच या खोलीत थांबायची नाही. दुःख, आम्ही म्हणायचो.

पहिलं आश्चर्य म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. घूं नाही, खरखर नाही.

"बिघडलं की काय?" आई कुजबुजली.

"शू. ही शांतता आहे," मामा म्हणाला. "पैसे देऊन आणलेली."

आणि मग एका माणसानं पेला खाली ठेवला. अगदी आमच्या टेबलावर ठेवावा तसा. मी खरंच वळून पाहिलं. खुर्ची करकरली. कुणीतरी ऊदची खुंटी पिळली. पन्नास वर्षांपूर्वीची ती खोली आमच्या खोलीत येऊन बसली होती, माणसांसकट. आवाज सुरू झाला तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

"श्वास! बाबांचा श्वास ऐकू येतोय, विदाद!" मामाचे गाल ओले होते. "ओळ घेण्याआधीचा... आता घेतला... बघ!"

"ऐकतेय रे, ऐकतेय. तू गप्प बसलास तर जास्त ऐकेन."

ती लांब ओळ आली. तीच, जिच्यात आवाज एका सुरावर चढतो आणि तिथंच थांबून राहतो. आम्ही तिघांनी आपोआप आपले श्वास धरले. आणि त्या थांबलेल्या सुराच्या बाजूला, टेपच्या यंत्राच्या अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं. दोनदा तोकडं, मग एक लांब. हं-हं. हूंऽ.

मला काहीच कळलं नाही. मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग कुणी फडक्यानं पुसावा तसा गेला होता.

मामानं रीळ थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं.

सूर चढला, थांबला. हं-हं. हूंऽ.

"कुलूप उघडण्याआधी," आई हळूच म्हणाली. "बाबा. रोज. जिन्यातून येताना."

"वर्तमानपत्र उलगडण्याआधी," मामा म्हणाला.

"माणूस गाताना खाकरतोच, नझीह. घसा कोरडा पडतो, खाकरतो."

"सूर धरलेला असताना?"

"असेल काहीतरी. टेप जुनी आहे. आवाज एकावर एक चढले असतील."

"उम्म लमीस, ऐक नीट. सूर चालू आहे. खाकरणंही चालू आहे. एका माणसाला दोन घसे आहेत का?"

मामानं तिसऱ्यांदा लावलं. मग तो उठला, कोपऱ्यातल्या पिशवीतून पेचकस काढला, टोक स्पीकरच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ कानामागं दाबली. मोडलेलं मशीन ऐकतो तसा. मला हसू आलं असतं, एरवी.

"आवाज वाढव," तो मला म्हणाला.

मी गोल बटण फिरवलं. खोक्यात अजून किती ताकद शिल्लक होती, मला कल्पनाच नव्हती. खिडकीची काच थरथरली. ओळ संपली. आमच्याकडे चांगली ओळ संपली की ऐकणारा गप्प बसत नाही, दाद देतो, पुन्हा मागतो. गाणारा स्वतःला दाद देत नसतो. त्या बैठकीतही कुणीतरी दिली. जुन्या यंत्रात ती नुसती गुणगुण वाटायची. आता ते शब्द होते, ओठांसकट.

"अल्ला! पुन्हा, अतल्ला... तेवढीच ओळ पुन्हा, भावा."

वखारीतल्या कारकुनाचा मोजका, ताणलेल्या ओठाचा आवाज. त्यावर गवई हसला आणि त्यानं ओळ पुन्हा घेतली.

"बंद कर ते."

आजी दारात उभी होती. दोन्ही हातांना भात चिकटलेला.

मामानं बंद केलं नाही. त्याला बहुतेक ऐकूच गेलं नाही. मी केलं.

"अम्मा," तो म्हणाला, "अतल्ला कोण?"

"वांगी करपतील."

"अम्मा."

"चौऱ्याऐंशी वर्षांची आहे मी. मला असं उभं करून विचारू नकोस."

आईनं खुर्ची ओढली. आजी बसली, पण हात वरच धरून, भात खाली सांडू नये म्हणून.

"वखारीत गाड्या लिहून घ्यायचा," ती म्हणाली. "वरच्या गावचा. तुझ्या बापाचा जीव होता त्याच्यावर. पगारातनं टेपचं यंत्र आणलं ते त्याच्यासाठी. म्हणायचा, हा मेला तर हा आवाज कुठं शोधू? चेष्टेत म्हणायचा."

"आणि बाबा?"

"तुझा बाप ऐकायचा. त्याच्यासारखं ऐकणारं मी कुणी पाहिलं नाही. गाणं त्याला कधीच येत नव्हतं, राजा. तुझ्यासारखंच."

आईनं तोंडावर हात ठेवला. मामा उभाच होता. पेचकस अजून हातात.

"पण त्यांनी सांगितलं. मी होतो तिथं. मी समोर उभा होतो, अम्मा! त्या माणसांनी विचारलं आणि बाबा म्हणाले, मी."

"मग काय म्हणायला हवं होतं?" आजीचा आवाज एकदम चढला. "ते अतल्लालाच शोधत होते, वरच्या गावचा म्हणून! तीन दिवस तो आपल्या माळ्यावर होता. आदल्या पहाटे संत्र्यांच्या ट्रकमधून गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती माणसं दारात. आणि तू, तूच लावली होतीस टेप. खेळ म्हणून. म्होरक्यानं विचारलं, हा कोण गातोय? तुझ्या बापानं सांगितलं, मी. तो म्हणाला, मग गा."

"ते बसून ऐकत होते. मला आठवतंय. ते खाली बसले होते."

"बसले होते. बंदूक मांडीवर घेऊन. तो गातो की नाही ते बघायला. तुझा बाप म्हणाला, घसा गेलाय, दोन महिने झाले. पुरी टेप त्यांनी ऐकली, आणि पूर्ण वेळ ते त्याच्या घशाकडे बघत होते. तू माझ्या कमरेला धरून उभा होतास आणि हसत होतास. तुला आनंद झाला होता, माझा बाबा गवई आहे म्हणून."

मामानं पेचकस टेबलावर ठेवला. तो घरंगळला आणि खाली पडला. कुणी उचलला नाही.

"शाळेत जाऊन सांगितलंस," आजी म्हणाली. "गल्लीत सांगितलंस. मग तोच आसरा झाला. तुझा बाप तेवीस वर्षं घसा गेलेला माणूस होऊन राहिला, नझीह. न्हाताना गुणगुणला नाही कधी. मेला तेव्हाही दोन बोटं घशालाच होती."

"अतल्लाचं काय झालं?"

"बैरूतला पोचलाच नाही."

खाली अबू हैसमच्या जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. आई पुटपुटली, "बायको होती त्याला?"

"वर्षानं आली होती. विचारलं, त्यानं काही ठेवलंय का तुमच्याकडे? एखादा सदरा, काहीही. मी नाही म्हटलं. रस्त्यावर अजून बंदूकवाल्यांचे नाके होते, माणसं उचलत होते. पिठाच्या डब्याखाली रीळ होतं आणि मी त्या डब्याला टेकून उभी राहून नाही म्हटलं. एकदा नाही म्हटलं की मग हो जड होत जातं. लढाई संपली, तुझा बाप गेला, तू सगळ्यांना टेप ऐकवत राहिलास. कोणत्या तोंडानं सांगू?"

"तिचं कुणी आहे?" मामानं विचारलं.

आजीनं अंगठ्यानं बोटावरचा भात खरवडला.

"मुलगी आहे. नुहाद."

"कोण नुहाद?"

"किल्ल्याच्या रस्त्यावर. लोकरीचं दुकान."

मामा खाली बसला. खुर्ची कुठं आहे हे न बघता बसला. ती तिथं होती हे नशीब.

"लोकरवाली नुहाद?" आई म्हणाली. "जिचं मशीन तू दरवर्षी दुरुस्त करतोस?"

"गल्ल्याच्या वर फोटो आहे," मामा म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता. "मिशीवाला, गळपट्टी घातलेला. मी पंचवीस वर्षं त्या फोटोखाली उभा राहून चहा पितो. एकदा ती म्हणाली होती, उस्ताद, चेहरा या फोटोत आहे, पण आवाज आठवत नाही. मी चार वर्षांची होते, कितीही आठवला तरी येत नाही." तो थांबला. "मी तिला काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, मी भाग्यवान आहे. माझ्या बापाचा आहे माझ्याकडे."

आईनं डोळे मिटले. आणि मग, माझी आई ती माझी आईच, तिनं डोळे उघडले आणि कंबर कसली.

"हे बघ. जे झालं ते झालं. शनिवारी ती माणसं येणार, ऐकणार, जाणार. तो खाकरा त्यांना काय कळणार? तेवढा तुकडा काढून टाकायला सांग. दाद काढून टाका म्हणावं. फोटो छपाईला गेलाय, नझीह! अख्खं सैदा तुला गवयाचा म्हणतं. उद्या काय म्हणतील? खोटारड्याचा?"

"विदाद!" आजी म्हणाली.

"का? तूच पन्नास वर्षं गप्प बसलीस ना अम्मा? मग अजून एक शनिवार बस."

"तो खोटारडा नव्हता. त्यानं तीन दिवस माणूस माळ्यावर ठेवला होता."

"मग ते सांगू! तेही सांगायचं नाही, हेही सांगायचं नाही—"

"ते सांगितलं तर मी रीळ नाही म्हटलं तेही सांगावं लागेल," आजी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "त्या बाईच्या तोंडावर. ती गेली, पण पोर आहे. ती मला बाजारात भेटते, माझी पिशवी उचलते." तिनं भाताचे हात मामाकडे पसरले. "नझीह, मला तूच मातीत पुरशील रे बाबा. लहानपणापासून तुला हेच म्हणत आले. आधी मला पुर. मग कुणाला काय सांगायचं ते सांग. फार दिवस नाहीत उरले."

मामा उठला. अ‍ॅम्प्लिफायरचा हिरवा दिवा अजून जळत होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. टेपच्या यंत्रापाशी गेला. बोटानं रीळ हळूहळू, पूर्ण मागं गुंडाळलं. घाई नव्हती. दुकानात सुईत दोरा ओवताना जशी नसते तशी. मग ते उचललं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि झाकणावर स्वतःच्या दहाव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलेल्या 'बाबा' या शब्दावर तळहात ठेवून उभा राहिला.

"नझीह," आई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "वजदींचा फोन येईल संध्याकाळी. ते विचारतील, तबकडीवर नाव कसं लिहायचं. मी काय सांगू?"

त्यानं खोका काखेत घेतला. दारात चपला शोधल्या, डाव्या पायात उजवी घातली, काढली, नीट घातली.

"अरे, विचारतेय मी! नाव काय सांगू? आणि ते घेऊन कुठं चाललास?"

आजी खुर्चीत अर्धवट उठली होती, भाताचे हात तसेच पुढं. मामानं दार उघडलं, आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता बाहेर पडला, आणि जिन्यावरून त्याची पावलं खाली जात राहिली.